डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडला: प्लेट टाकावी की थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा: मावसभाऊ, वय २६. पावसात दुचाकी घसरली आणि तो उजव्या गालावर आपटला. पहिले दोन-तीन दिवस डोळा उघडतच नव्हता. आज नववा दिवस, सूज बरीच ओसरली आहे. समोरचं नीट दिसतं, पण वर पाहिलं की एकाचे दोन दिसतात. गाल, वरचा ओठ आणि त्या बाजूचे वरचे दात बधीर आहेत. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात खोबणीचा तळ मोडून चरबी खाली सायनसमध्ये (गालाच्या हाडातल्या पोकळीत) उतरल्याचं लिहिलं आहे. एक डॉक्टर म्हणतात प्लेट टाकू, दुसरे म्हणतात थांबू. टाकायचीच तर टायटॅनियमची (धातूची) की मेडपोरची (एक प्रकारच्या प्लॅस्टिकची)? ती पुढे काढावी लागते का? आणि ऑपरेशनमध्ये नजर जायची भीती किती?

दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, आणि हे मी कुणाला सांभाळून घ्यायला म्हणत नाही. या फ्रॅक्चरमध्ये ‘हाड मोडलं म्हणून जोडा’ हा हिशेब चालत नाही. खोबणीच्या तळाचं हाड मोडलेलं तसंच राहिलं तरी कित्येकांचं आयुष्यभर काही बिघडत नाही. आपण ऑपरेशन करतो ते दोन कारणांसाठी. स्नायू किंवा त्याच्या भोवतीचे पडदे फटीत अडकले असतील तर ते सोडवायला, आणि खोबण मोठी झाल्यामुळे डोळा आत जाणार असेल तर ती मूळ मापावर आणायला. या दोन्हीपैकी काहीच नसेल, तर सर्वांत भारी प्लेटसुद्धा नको.

त्याआधीचा प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही: डोळा स्वतः नीट तपासला आहे का? अपघाताचा पेशंट कॅज्युअल्टीत येतो, पापण्या सुजून बंद असतात, सीटी होतो, हाडांचा रिपोर्ट येतो आणि पुढची सगळी चर्चा हाडांचीच होते. पापण्या हलक्या हाताने उघडून एकेका डोळ्याची नजर मोजणं, बाहुली उजेडाला आकसते का ते पाहणं, डोळ्याचा दाब मोजणं, थेंब टाकून डोळ्याचा आतला पडदा तपासणं, हे राहून जातं. नेत्रगोल फाटला असेल तर आधी तो शिवायचा. खोबणीचं हाड थांबू शकतं. पडदा फाटला असेल किंवा नेत्रगोलाच्या आत रक्त साचलं असेल तर खोबणीत ओढाताण करणं धोक्याचं. म्हणून प्लेटची बोलणी करण्याआधी नेत्रतज्ज्ञाचा कागद हातात हवा. समोरचं नीट दिसतंय ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर भागत नाही.

आता मोडतं काय ते सांगतो. डोळ्याची खोबण सात हाडांनी मिळून बनते. बाहेरची कड जाड आणि भक्कम असते. आतल्या भिंती पातळ. तळाचं हाड बऱ्याच ठिकाणी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं, आणि त्याच्या खाली गालाचा सायनस, म्हणजे पोकळी. तळाच्या या हाडातूनच गालाला संवेदना देणारी नस एका खोबणीवजा नळीतून जाते, त्यामुळे तिथे हाड आणखीच कमजोर. नाकाकडची भिंत तळापेक्षाही पातळ आहे, पण तिच्यामागे लहान लहान कप्प्यांचा आधार असतो, म्हणून ती तुलनेने तग धरते.

मार बसल्यावर हे हाड का मोडतं याचे दोन खुलासे आहेत. एक, डोळा मागे दाबला जातो, खोबणीतला दाब वाढतो आणि सर्वांत पातळ जागा फुटते. दुसरा, खालच्या कडेला बसलेला हादरा मागे पसरून तळ वाकतो आणि तडकतो. १९५७ साली न्यूयॉर्कच्या स्मिथ आणि रेगन यांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंगचा चेंडू ठेवून त्यावर आघात करून पाहिला आणि पहिल्या खुलाशाला बळ दिलं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं घडतं. यात एक बरी गोष्ट आहे. तळ फुटल्यामुळे दाबाला वाट मिळते आणि पुष्कळदा नेत्रगोल वाचतो. सीझन बॉल खोबणीच्या तोंडापेक्षा मोठा, त्यामुळे त्याचा मार कडांवर जातो; स्क्वॉशचा चेंडू आणि बॅडमिंटनचं शटल लहान, ते थेट डोळ्यावर बसतात. खेळाच्या मैदानात मला हाड मोडण्यापेक्षा त्यांचीच भीती जास्त वाटते.

दुहेरी दिसण्याकडे येऊ. पहिल्या आठवड्यात ते जवळजवळ सगळ्यांना असतं, आणि त्यातलं बरंचसं सूज आणि स्नायूला लागलेल्या मुक्या माराचं असतं. मोठ्या माणसात अख्खा स्नायू फटीत सापडणं तसं कमी. डोळ्याच्या स्नायूंभोवती चरबीत बारीक तंतूंचं जाळं असतं; ते कुठेतरी अडकतं आणि स्नायूला ओढून धरतं. सूज उतरली की हे बंध सैल पडतात आणि दुहेरी दिसणं आपोआप कमी होतं. १९७४ साली पुटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशंटांवर ऑपरेशन न करता काही महिने नजर ठेवली आणि बऱ्याच जणांचं दुहेरी दिसणं बरं झाल्याचं मांडलं. तोवर दिसलं फ्रॅक्चर की ऑपरेशन, असा खाक्या होता. आज आपण ज्याला ‘दोन आठवडे बघू’ म्हणतो, त्यामागे हा सगळा वाद आहे. तुमचे दुसरे डॉक्टर उगाच थांबा म्हणत नाहीत.

पण बघायचं म्हणजे नुसतं घरी बसायचं नाही. दर चार-पाच दिवसांनी हेस चार्ट काढायचा, म्हणजे कोणत्या दिशेला डोळा किती कमी फिरतो ते कागदावर दिसतं आणि ‘बरं वाटतंय’ या शब्दावर विसंबावं लागत नाही. दिशाही महत्त्वाची. अगदी वर पाहतानाच दोन दिसत असतील तर बहुतेकांचं अडत नाही. मान वर केली की झालं. गाडीखाली पाठीवर झोपून काम करणारा मेकॅनिक किंवा छताला रंग देणारा माणूस असेल तर अडतं. खाली पाहताना दोन दिसत असतील तर मात्र जिना उतरणं, जेवणं, मोबाइल बघणं सगळंच अवघड होतं. भाऊ काम काय करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण हे उत्तर लहान मुलांचे आईबापही वाचतील. वर जे ‘थांबा’ म्हटलं ते मोठ्यांसाठी. मुलांचं हाड लवचिक असतं. ते तुटून पडत नाही, उंदराच्या पिंजऱ्याच्या झडपेसारखं क्षणभर उघडतं आणि स्नायूला पकडून परत बंद होतं. बाहेरून बघाल तर डोळा पांढराशुभ्र, काळानिळा डाग जवळजवळ नाही. सीटीत फट इतकी बारीक की रिपोर्टात कधी ‘फ्रॅक्चर नाही’ असंच येतं. खरी खूण ही की तळावर जिथे स्नायू दिसायला हवा तिथे तो दिसत नाही. मूल वर बघायला गेलं की कळवळतं, उलट्या करतं, गळून जातं, नाडी मंद होते. डोळ्याचा स्नायू ताणला की हृदयाची गती उतरते, ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ पासून वैद्यकाला माहीत आहे. तरी उलट्या आणि मंद नाडी पाहून सगळे मेंदूच्या माराच्या मागे लागतात, मूल दोन दिवस निरीक्षणाखाली राहतं आणि तोवर पकडलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. अशा मुलाचं ऑपरेशन २४ ते ४८ तासांत व्हायला हवं. उशीर झाला तर स्नायू सुटतो, पण ताठर होऊन बसतो आणि दुहेरी दिसणं कायमचं राहू शकतं. खेळताना डोळ्याला कोपर किंवा चेंडू लागला, वर बघता येत नाही आणि उलट्या होतात, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर ‘डोळा तर चांगला दिसतोय’ म्हणून थांबू नका.

आता दुसरं कारण, खोबणीचं आकारमान. मोठ्या माणसाच्या खोबणीत साधारण ३० मिलिलिटर जागा असते. त्यातले सुमारे ७ मिलिलिटर नेत्रगोलाचे, बाकी चरबी, स्नायू, नसा. तळ खाली बसला की जागा वाढते, पण आतला ऐवज तेवढाच राहतो, म्हणून डोळा मागे सरकतो. ढोबळ हिशेब असा की जागा १ मिलिलिटरने वाढली तर डोळा जवळपास १ मिलिमीटर आत जातो, आणि २ मिलिमीटरचा फरक झाला की समोरच्याला तो जाणवू लागतो. गंमत म्हणजे पहिल्या आठवड्यात सूज डोळ्याला पुढे ढकलून हे सगळं झाकून टाकते. पेशंट आरशात बघून म्हणतो, डोळा तर छान आहे. खरं चित्र कळायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि तोवर आत व्रण घट्ट झालेले असतात, चरबीही आक्रसू लागलेली असते. त्या टप्प्यावर ऑपरेशन होत नाही असं नाही, पण मेहनत दुप्पट आणि फळ कमी. म्हणून मोठं भगदाड दिसलं तर डोळा आत जायची वाट न बघता दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करावं असं माझं मत आहे. मोठं म्हणजे ढोबळमानाने तळाच्या निम्म्याहून जास्त, किंवा तळ आणि नाकाकडची भिंत दोन्ही. ही दुसरी जोडी विशेष फसवी. या दोन भिंतींच्या मधला हाडाचा टेकू गेला की डोळा हमखास बसतो.

बधीर गालाबद्दल काळजी करू नका. नस चेपली किंवा ताणली गेली आहे. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परत येते, मुंग्या येत, कधी चमका मारत. निव्वळ बधीरपणासाठी ऑपरेशन करायचं नसतं. उलट ऑपरेशननंतर काही दिवस तो वाढू शकतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

आता तुमचा आवडता प्रश्न: प्लेट कुठली? नातेवाईक हाच प्रश्न सर्वांत जास्त विचारतात आणि ते समजण्यासारखं आहे. एस्टिमेटच्या कागदावर तुलना करता येईल अशी तेवढी एकच ओळ असते. पण ऑपरेशनचं यश प्लेटच्या नावापेक्षा शेवटच्या सेंटिमीटरभर जागेत ठरतं. ते कसं, हे टेबलावर काय चालतं ते पाहिलं की कळेल.

पूर्ण भूल दिलेली असते. आम्ही बहुतेक वेळा खालची पापणी उलटवून तिच्या आतल्या लालसर अस्तरातून छेद घेतो. चेहऱ्यावर व्रण दिसत नाही. सुरुवातीलाच बुबुळाजवळचं अस्तर चिमट्याने धरून डोळा वर-खाली फिरवून बघतो. अडकतो, तर कुठे आणि किती, ते हाताला कळतं. मग खोबणीची खालची कड गाठायची, हाडावरचं आवरण उचलायचं आणि मागे मागे जात सायनसमध्ये उतरलेली चरबी आणि तंतू अलगद वर ओढून घ्यायचे. ओढायचं म्हणजे हिसका नाही. एका पट्टीने सुटलेला भाग वर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने पुढचा भाग सोडवायचा. या सगळ्यात नस खालून जात असते, तिला जपायचं. भूलतज्ज्ञाचा डोळा मॉनिटरवर असतो. नाडी एकदम उतरली की आम्ही हात थांबवतो.

आणि मग ती मागची कड. भगदाडाच्या पार मागे टाळूच्या हाडाचा एक छोटासा शाबूत कंगोरा शिल्लक असतो. प्लेटचं मागचं टोक त्यावर टेकलं पाहिजे. खालच्या कडेपासून तो साधारण ३० मिलिमीटरच्या आसपास आत असतो, आणि दृष्टीची नस जिथून बाहेर पडते ती जागा ४० ते ४५ मिलिमीटरवर. म्हणजे पुढे जायचं आहे, पण फार पुढे नाही. ही कड सापडली नाही की प्लेट तिच्या खाली, सायनसमध्ये लोंबत राहते. एक्स-रेत प्लेट दिसते, टाके छान असतात आणि डोळा महिन्याभरात आत जातो. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या ऑपरेशनांत हीच चूक सर्वांत जास्त दिसते. दुसरं म्हणजे तळ सपाट नसतो. पुढे खोलगट असतो आणि नेत्रगोलाच्या मागे वर चढत जातो. तो उंचवटाच डोळ्याला पुढे धरून ठेवतो. सपाट प्लेट टाकली तर भगदाड बुजतं, आकारमान परत येत नाही. प्लेट बसली की पुढच्या कडेला एक-दोन बारीक स्क्रू लावतो, प्लेटखाली कुठेही चरबी चिमटलेली नाही ना ते बघतो आणि पुन्हा एकदा डोळा चिमट्याने फिरवतो. आधी अडकत होता तो आता मोकळा फिरला पाहिजे. नाही फिरला तर प्लेट काढून पुन्हा बसवायची, मग कितीही वाजले असोत.

आता सामानाचं बोलू. टायटॅनियमची जाळी कापता-वाकवता येते, पातळ असूनही वजन पेलते, आणि सीटीत स्पष्ट दिसते, त्यामुळे नंतर तपासता येते. तिचा दोष म्हणजे भोकांतून ऊती वाढून घट्ट चिकटतात. कधी काढायची वेळ आली तर जिवावर येतं. मेडपोर म्हणजे सच्छिद्र पॉलिएथिलिन. त्यात रक्तवाहिन्या शिरतात, कडा मऊ असतात, पण सीटीत ते जवळजवळ दिसत नाही आणि मोठ्या भगदाडाला एकट्याचा टेकू कमी पडतो. दोन्ही एकत्र केलेल्या प्लेटाही मिळतात. लहान भोकाला विरघळणारा पातळ पत्रा पुरतो. पूर्वी कवटीचं किंवा कमरेचं हाड घेऊन बसवत. अंगचंच हाड, पण ते किती विरेल याचा भरवसा नाही आणि काढलेली जागा दुखत राहते. सिलिकॉनचा पत्रा मी वापरत नाही. तो स्वस्त आहे, पण त्याच्याभोवती पिशवी तयार होते आणि वर्षानुवर्षांनी त्यात रक्त किंवा पू साचून डोळा अचानक पुढे आलेले पेशंट येतात.

माझी निवड विचाराल तर, मोठं भगदाड असेल तर टायटॅनियम, तेही आकार दिलेलं. कंपनीच्या तयार आकाराच्या प्लेटा महाग पडतात. फक्त त्याच पेशंटच्या मापाची छापून घेतलेली प्लेट त्याहून महाग. एक मधला मार्ग बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत चालतो. चांगल्या बाजूचा सीटी संगणकावर आरशासारखा उलटवून मोडक्या बाजूवर ठेवायचा, त्यावरून प्लॅस्टिकची कवटी थ्रीडी प्रिंट करायची आणि साधी जाळी आदल्या दिवशीच तिच्यावर वाकवून निर्जंतुक करून ठेवायची. खर्च आवाक्यात राहतो आणि टेबलावरचा वेळ वाचतो.

प्लेट काढावी लागत नाही, ती कायमची. टायटॅनियम लोहचुंबकीय नसल्यामुळे पुढे एमआरआय करता येतो, फक्त तिथल्या माणसाला आधी सांगायचं. काढायची वेळ येते ती जंतुसंसर्ग झाला, प्लेट स्नायूला घासत असेल किंवा चुकीच्या जागी बसली असेल तर.

नजरेची भीती. धोका कमी आहे, शून्य नाही. खरा शत्रू म्हणजे ऑपरेशननंतर डोळ्यामागे होणारा रक्तस्राव. बंदिस्त जागेत दाब वाढला तर दृष्टीची नस दोनेक तासांत कायमची जाऊ शकते. म्हणून आम्ही डोळ्यावर पट्टी बांधत नाही, आणि पहिली रात्र सिस्टर दर तासाला उठवून बोटं मोजायला लावते. झोपमोड होते, नातेवाईक कुरकुरतात, करू द्यात. डोळा दगडासारखा कडक, प्रचंड दुखणं आणि बोटं मोजता न येणं, असं झालं तर सीटीची वाट न बघता तिथेच पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करायचा असतो. जिथे ऑपरेशन करणार आहात तिथे रात्री हे करू शकणारा डॉक्टर हजर असतो का, हा प्रश्न टायटॅनियम की मेडपोर यापेक्षा मोलाचा आहे. बाकी, खालची पापणी थोडी ओढली जाणं, काही दिवस दुहेरी दिसणं वाढणं हे होऊ शकतं. सहा महिन्यांनंतरही दोन दिसत राहिले तर प्रिझमचा चष्मा किंवा तिरळेपणाचं ऑपरेशन हा पुढचा टप्पा.

खेळाडूंची उदाहरणं लोक नेहमी देतात. दक्षिण कोरियाचा फुटबॉलपटू सॉन ह्युंग-मिन नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला डोळ्याभोवतीची हाडं मोडून ऑपरेशन झाल्यावर त्याच महिन्यात मुखवटा घालून विश्वचषक खेळला. त्याउलट इंग्लंडचा यष्टिरक्षक क्रेग कीस्वेटर २०१४ मध्ये हेल्मेटची जाळी आणि टोपण यांच्यामधून चेंडू घुसून जखमी झाला, परतला, पण पूर्वीसारखं जमेना म्हणून २०१५ मध्ये २७व्या वर्षी निवृत्त झाला. दोन्ही खरे. भावाला फक्त पहिलं सांगू नका.

तोवर घरी काय? नाक अजिबात शिंकरायचं नाही. सायनसमधली हवा थेट डोळ्याभोवती घुसते आणि पापणी फुग्यासारखी होते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच. तंबाखू, सिगारेट बंद, जखम भरायला ती नडते. दुहेरी दिसतंय तोवर गाडीला हात लावायचा नाही. आणि पुढच्या वेळी हेल्मेट हनुवटीपर्यंतचं; नुसत्या डोक्यावरच्या टोपीने चेहरा वाचत नाही.

तुमच्या भावापुरतं बोलायचं तर नववा दिवस आहे, म्हणजे ठरवायला चार-पाच दिवस हातात आहेत. सीटीचे समोरून घेतलेले काप बघून भगदाड निम्म्याहून मोठं असेल किंवा नाकाकडची भिंतही गेली असेल, तर मी पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने. भगदाड लहान आणि वर पाहतानाचं दुहेरी दिसणं दिवसागणिक कमी होतंय, तर दुसऱ्यांच्या. लहान असूनही हेस चार्ट जागचा हलत नाही आणि चिमट्याने डोळा फिरत नाही, तर कौल ऑपरेशनच्याच बाजूने. हे काम ऑक्युलोप्लास्टी (पापण्या आणि खोबणीची शस्त्रक्रिया) करणारे नेत्रतज्ज्ञ, मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांचे) सर्जन, प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा यांपैकी कुणीही करतं. पाटीपेक्षा हात महत्त्वाचा. ऑपरेशननंतर तपासणीचा सीटी करता का आणि मला दाखवाल का, असं सरळ विचारा.

कागदपत्रांचं: अपघात असल्यामुळे एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद झाली आहे ना ते बघा, विम्याला लागते. मारामारीतून लागलं असतं तर हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत ठरते, तेव्हा रिपोर्ट जपून ठेवावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना सीटीची सीडी न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर काढलेला फिल्मचा फोटो नको. सोबत भावाचा अपघाताआधीचा समोरून काढलेला एखादा स्पष्ट फोटो असू द्या, कारण दोन्ही डोळे मुळातच थोडे वरखाली असलेली माणसं पुष्कळ असतात.